कोरेज्माचे ४० दिवस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

इंत्रूजचा म्हणजे कार्निव्हलचा आवाज थांबून आठवडा झाला, राखेचा बुधवार, कोरेज्माचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला होऊन गेला आणि तेव्हापासून या सदराकडे जेवढे प्रश्न आलेत तेवढे नाताळातही येत नाहीत. सगळे छापणं शक्य नाही, सहा निवडलेत. एक सांगून ठेवते, मी मूळची वसईची, तिथे आम्ही ईस्टरच्या आधीच्या या ४० दिवसांना उपवासकाळ म्हणायचो, लग्न होऊन गोव्यात बार्देशात आले तर इथे सगळे कोरेज्म म्हणतात, पोर्तुगीज क्वारेज्मावरून आलेला शब्द. माझ्या लिहिण्यात दोन्ही येतील, सांभाळून घ्या.

प्रश्न: आमच्या शाळेतल्या एक ख्रिश्चन बाई परवा बुधवारी कपाळावर राख लावून आल्या. मला आधी अंगाराच वाटला. त्यांना विचारायला संकोच वाटला म्हणून तुम्हाला विचारते. हे ४० दिवस म्हणजे आपल्या चातुर्मासासारखं असतं का, आणि दर वर्षी तारीख का बदलते? (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर: ताई, तुम्हाला अंगारा आठवला यात काही चुकलं नाही. ती राख कुठून येते ते सांगते. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वाद देऊन झावळ्या वाटतात, त्या आम्ही घरी आल्ताराच्या म्हणजे देव्हाऱ्याच्या मागे नाहीतर क्रूसाला खोचून ठेवतो, वर्षभरात त्या वाळून पिवळ्या पडतात, मग कोरेज्म जवळ आला की लोक त्या चर्चला परत आणून देतात आणि त्याच जाळून ही राख होते. म्हणजे ज्या झावळ्या हलवून आम्ही जयजयकार केला त्यांचीच राख कपाळावर येते. फादर ती लावताना म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील, नाहीतर म्हणतात पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. लहानपणी मला पहिल्या वाक्याची भीती वाटायची. आता वय झाल्यावर त्या वाक्यानेच बरं वाटतं, कारण वर्षातनं एकदा तरी कुणीतरी खरं बोलतं आपल्याशी.

४० चा हिशोब असा की येशू ख्रिस्त रानात ४० दिवस उपाशी राहिले, मोशे सिनाय डोंगरावर ४० दिवस होता, इस्राएल लोक ४० वर्षं वाळवंटात फिरले. कॅलेंडर घेऊन मोजलंत तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतील, त्यातले ६ रविवार उपवासात धरत नाहीत कारण प्रत्येक रविवार आमच्यासाठी छोटा ईस्टरच असतो. आणि तारीख बदलते ती चंद्रामुळे, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, मग तिथून मागे मोजत यायचं. म्हणून तर यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आणि गुड फ्रायडे लगेच ३ एप्रिलला आलाय. या वर्षी महाशिवरात्र, राखेचा बुधवार आणि रमजान तिन्ही एकाच आठवड्याच्या आसपास आले, आमच्या वाड्यावर तर निम्मी घरं एकदमच उपवासाला लागली, मला ते फार आवडलं.

चातुर्मासाशी सारखेपणा आहेच, खाण्यापिण्यावर बंधन, लग्नकार्य शक्यतो नको, मन लावून प्रार्थना. फरक एवढाच की आमचा सगळा रस्ता एकाच घटनेकडे जातो, ख्रिस्ताचं मरण आणि पुन्हा उठणं. पहिल्या शतकांमधे ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा असायचा त्यांची ईस्टरच्या रात्रीसाठी तयारी या दिवसांत व्हायची, आणि बाकीचे लोक त्यांच्यासोबत उपवास करायचे. तेव्हा हा काळ मुळात दुःखाचा नाही, तयारीचा आहे. चर्चमध्ये बघाल तर फादरांचा झगा जांभळा असतो, आल्तारावर फुलं नसतात, आलेलुया हा शब्दच ईस्टरच्या रात्रीपर्यंत गायचा नाही. ४६ दिवस एक शब्द तोंडात न आणता ठेवला की त्या रात्री तो गाताना गळा दाटून येतो, दर वर्षी येतो.

त्या बाईंना विचारा हो खुशाल, त्यांना बरंच वाटेल.

प्रश्न: कोरेज्मात मासे चालतात ना? मग घरात दर शुक्रवारी वाद का? बायको म्हणते शिवराकच (शाकाहारीच) करायचं. (एक वाचक, मडगाव)

उत्तर: चर्चचा नियम बायकोपेक्षा सौम्य आहे, १४ वर्षांच्या पुढच्यांनी राखेच्या बुधवारी, गुड फ्रायडेला आणि कोरेज्मातल्या शुक्रवारी मांस खायचं नाही, मासे चालतात. पण दादा, हा नियम जिथे केला तिथे मांस म्हणजे मेजवानी होती आणि मासा म्हणजे साधं जेवण. गोव्यात मटण सोडून इसवणाची तळलेली कापं ताटात घेतली तर सोडलं काय आपण? आमच्या सासूबाई शुक्रवारी उकड्या तांदळाची पेज, आंब्याची मिस्कूट म्हणजे लोणचं आणि फार तर खारवलेला एखादा बांगडा, एवढ्यावर भागवायच्या, आणि त्या दिवशीचे माशाचे पैसे आल्ताराखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तो डबा उघडून कुणाकडे जायचा ते त्यांनी कधी सांगितलं नाही, त्या गेल्यावर कळलं, मागच्या वाड्यावरच्या एका विधवा बाईच्या मुलाची शाळेची पुस्तकं त्यातनं यायची.

मला विचाराल तर बायकोचं ऐका. डब्याचंही बघा. कुणाला द्यायचं ते सुचत नसेल तर पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, विचारा, कॅरिटास इंडिया दर वर्षी याच काळात भूक आणि रोगराईविरुद्धची मोहीम चालवते, त्यात देता येतं.

प्रश्न: मी ५२ वर्षांचा आहे. वडील वारल्यावर घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी बोलणं तुटलं ते आज ६ वर्षं झाली. घर एकच, मधे भिंत घातलीय. कोरेज्म मी कडक पाळतो, ४० दिवस दारू नाही, मांस नाही, मासे नाही, दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला (येशूच्या मरणाच्या वाटेवरच्या १४ स्थानांची प्रार्थना) मी असतोच. भाऊ पण येतो. तो उजव्या बाजूला बसतो मी डाव्या. या शुक्रवारी बाराव्या स्थानाला गुडघ्यावर होतो आणि समोर तो, त्याचे केस एकदम पांढरे दिसले आणि मला पुढची प्रार्थना म्हणताच आली नाही. माझं काय चुकतंय? पहिलं पाऊल मीच का टाकायचं, अन्याय माझ्यावर झालाय. (नाव नको, बार्देश)

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं.

तुम्ही जे पाळता ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, ४० दिवस ग्लासला हात न लावणं गोव्यात सोपं नाही हे मला माहीत आहे. पण यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायात लोक देवाला नेमकं हेच विचारतात, की आम्ही एवढे उपवास केले तरी तू बघत का नाहीस, आणि देव सांगतो की उपवासाच्या दिवशी तुम्ही भांडता, मुठी आवळता, असल्या उपवासाने तुमची हाक वर पोचायची नाही. तिथेच पुढे आहे की मला हवा तो उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतली देणं, आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपवणं. आपल्याच रक्तामांसाच्या, असं स्पष्ट आहे तिथे. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात येशूने तर अजून सरळ सांगितलंय, तू वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. नीट वाचलंत तर त्यात असं नाही की चूक तुझी असेल तर जा. भावाच्या मनात काही आहे एवढं पुरे आहे. चूक कुणाची हे येशूने विचारलेलंच नाही, आणि मला ते वाक्य कित्येक वर्षं अन्यायाचंच वाटायचं.

का ते सांगते. आई गेल्यावर माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं चार बांगड्यांवरून वाजलं. आज लिहायला लाज वाटते पण तीन वर्षं आम्ही बोललो नाही, ती वसईला मी इथे, अंतरामुळे सोपंच होतं. त्या तीनही वर्षी मी उपवासकाळ पाळला, चहासुद्धा सोडला होता एका वर्षी, डोकं दुखायचं तरी घेतला नाही. तिसऱ्या वर्षी पवित्र आठवड्यात कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेले, सगळी यादी सांगितली, रागावले, उलट बोलले, आळस केला वगैरे, आणि शेवटी बारीक आवाजात बहिणीचं सांगितलं. फादर म्हातारे होते. त्यांनी काही उपदेश केला नाही, एवढंच विचारलं की बहिणीचा फोन नंबर पाठ आहे का. मी म्हटलं हो. म्हणाले मग प्रायश्चित्त म्हणून तो लावायचा, आज. मी बाहेर आले, चर्चच्या मागे चिंचेखाली उभी राहिले, चांगली वीस मिनिटं, ऊन होतं, आणि लावला. तिने उचलला. मी काही बोलेना तर तीच म्हणाली, जेवलीस का? मला रडू फुटलं आणि तिलाही. बांगड्यांचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, पुढे वर्षभराने निघाला, आणि खरं सांगते तो अजून पूर्ण मिटलेला नाही, पण आम्ही रोज बोलतो.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगते. घराची वाटणी ही एक गोष्ट. गोव्याच्या कायद्यात आईवडिलांच्या मिळकतीत सगळ्या मुलांचा सारखा हक्क असतो, त्यासाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मिळकतीची यादी करून कोर्टातून वाटणी करायची, पद्धत आहे, ती चालू असेल तर चालू दे, नसेल तर चांगला वकील बघून करा. क्षमा करायची म्हणजे कागदावर सही करून हक्क सोडायचा असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, चर्च तसं शिकवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भावाला हाक मारणं. ती कोर्टाच्या तारखेवर अडवून ठेवू नका, तारखा किती लांबतात ते तुम्ही बघताच आहात.

आणि एकदम मोठं काही करू नका. मिठी, मध्यस्थ, घरी जेवायला बोलावणं असलं आत्ता नको, सहा वर्षांनी ते कुणालाच पेलत नाही. पुढच्या शुक्रवारी क्रूसाची वाट संपली की दारात थांबा आणि वहिनीची नाहीतर मुलांची चौकशी करा, एका वाक्याची. तो न बोलता निघून गेला तर त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत थांबा. गुड फ्रायडेच्या आधीचा शेवटचा शुक्रवार २७ मार्चला, तोपर्यंत बरेच शुक्रवार आहेत. त्याने शेवटपर्यंत तोंड फिरवलं तरी तुमचं अर्पण तुम्ही वेदीपाशी ठेवून गेला होतात हे देवाला कळतंच.

तुम्ही म्हणता पुढची प्रार्थना म्हणता आली नाही. भाऊ, मला वाटतं सहा वर्षांत तुम्ही केलेली सगळ्यात खरी प्रार्थना तीच होती, त्याचे पांढरे केस दिसले ती. बाराव्या स्थानाला, येशू क्रूसावर मरतो तिथेच दिसले, यालाही मी नुसता योगायोग म्हणणार नाही.

मला परत लिहा. नाव नको, नुसतं "थांबलो" एवढं लिहिलंत तरी कळेल मला.

प्रश्न: माझी आई ७१ वर्षांची आहे, डायबेटिस आहे, सकाळी इन्सुलिन घेते. राखेच्या बुधवारी उपाशी राहिली आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडली. म्हणते देवासाठी एवढं तरी करायलाच हवं. गुड फ्रायडेला परत तेच करणार. तिला कसं समजावू? (एक वाचक भगिनी, वास्को)

उत्तर: आधी आईला डॉक्टरकडे नेलं नसेल तर आजच न्या. इन्सुलिन घेऊन उपाशी राहणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली जाते, जिवावर बेतू शकतं.

आता नियमाचं. उपवास १८ पूर्ण झालेल्यांना असतो आणि ६० वं वर्ष लागलं की सुटतो, म्हणजे तुमच्या आईचा उपवास सुटून १२ वर्षं झाली. आणि आजारी माणसाला, गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला तो कुठल्याही वयात नाही. आणि ज्यांना आहे त्यांनाही दिवसभर पाणी पिऊन राहा असं नसतं, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडं थोडं खाल्लं तरी उपवास पाळला जातो. कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर घेण्याच्या, आधीचा १ तासाचा उपवास असतो तोही म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना लागू नाही, औषध नि पाणी तर सगळ्यांनाच चालतं.

पण हे सगळं तुम्ही सांगून आई ऐकणार नाही, आमच्याही नाही ऐकायच्या. तुमच्या पॅरिशच्या फादरांना घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून सांगू द्या, त्या पिढीला फादरांनी सांगितलं की पटतं. आणि आईकडून उपवास काढून घेतलात तर तिच्या हातात दुसरं काहीतरी द्या, नुसतं "तू काही करू नकोस" म्हटलं की त्यांना वाटतं आता आपण देवाच्याही उपयोगाच्या राहिलो नाही. संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) रोज एका माणसाच्या नावाने म्हणायला सांगा, आज अमक्या आजारी शेजाऱ्यासाठी, उद्या दुबईच्या नातवासाठी, आणि त्या माणसाला फोन लावून द्या की आज तुझ्यासाठी म्हटला. वेळेवर खाणं आणि औषध घेणं हेच माझं या वर्षीचं आज्ञापालन असं तिने मनाशी ठरवलं तर तेही देवाला अर्पणच आहे. मनाविरुद्ध जेवणं हा तिच्यासाठी जास्त अवघड त्याग आहे, तिला हे बोलून बघा.

प्रश्न: ताई मी तारवटी आहे, क्रूझवर किचनमधे, ८ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. बोटीवर रविवार पण नसतो आमाला. कोरेज्माला सिगरेट सोडली होती, आठव्या दिवशी परत ओढली. आता वाटतं मोडलंच आहे तर कशाला ते. (एक वाचक, बोटीवरून)

उत्तर: बाळा, मोडलं ते आठव्या दिवशी, म्हणजे सात दिवस तू ओढली नाहीस, बारा बारा तास भट्टीपाशी उभं राहून, घरापासून लांब. ते सात दिवस कुठे गेले नाहीत. क्रूसाच्या वाटेवर १४ स्थानं आहेत, त्यातल्या तीन ठिकाणी येशू पडतो, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानाला. लहानपणी चर्चमध्ये तूही ती वाट चालला असशील. प्रत्येक वेळी तो उठतो आणि पुढे जातो, पहिल्यापासून परत सुरू करत नाही. तूही आजपासून पुढे चल.

एक मात्र बघ. सिगरेट सोडलीस पण त्या जागी काय ठेवलंस? ब्रेकचे ते दहा मिनिट रिकामे राहिले की हात परत पाकिटाकडे जातो. तेवढ्या वेळात आईला एक व्हॉइस मेसेज पाठव, कोंकणीत, नुसतं आज काय रांधलं ते सांग. नाहीतर तेर्साचं एक दशक, दहा मण्यांचं, म्हण, आमची आई वांगी चिरता चिरता म्हणायची, त्याला चर्च लागत नाही. आणि बंदराला लागलात की स्टेला मारिस विचार, १९२० साली ग्लासगोमध्ये दर्यावर्दी लोकांसाठी सुरू झालेली कॅथलिक संस्था आहे, पुष्कळ बंदरांत त्यांचे चॅपलन, म्हणजे दर्यावर्द्यांची सेवा करणारे धर्मसेवक, असतात, काही ठिकाणी बोटीवरही येतात. मिस्सा (चर्चची मुख्य उपासना), कुमसार, नुसतं बसून बोलणं, काहीही. तुझ्या किचनमधे अजून गोंयकार पोरं असतील, गुड फ्रायडेला दुपारी ३ वाजता, नाहीतर शिफ्टमधे जमेल तेव्हा, चौघांनी मिळून पाच मिनिटं उभं राहा. मोबाइलवर मोतेत (कोरेज्मातली गीतं) लावा, एवढं पुरे.

घरी कधी येणार ते कळव.

प्रश्न: आम्ही हिंदू आहोत, डिचोलीचे. गोवा वेल्ह्याची संतांची मिरवणूक बघायची खूप इच्छा आहे. आम्ही आलो तर चालेल का? आणि गुड फ्रायडेला चर्चची घंटा वाजत नाही म्हणतात ते खरं का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: चालेल काय, याच. तिथे हिंदूही येतात. कोरेज्मातल्या पाचव्या रविवारनंतरचा सोमवार हा तिचा दिवस, म्हणजे यंदा २३ मार्च. फ्रान्सिस्कन परंपरेची मिरवणूक आहे, सेंट अँड्र्यू चर्चमधून निघते, संतांच्या तीसेक मूर्ती खांद्यावरून नेतात, त्यात राजेराण्याही आहेत ज्यांनी सगळं सोडून गरिबी घेतली. मूर्ती जवळून बघायच्या असतील तर संध्याकाळी थोडं लवकर या. कुणी मूर्तीखालून वाकून जाताना दिसेल, तुम्हाला वाटलं तर तुम्हीही जा. बाहेर फेरी म्हणजे जत्रेचा बाजार असतो, तिथे हाताने केलेले पंखे मिळतात, एक घ्याच, मार्चची उकड असते आणि ते बनवणारे आता थोडेच राहिलेत.

घंटेचं खरं आहे. पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगीत गाताना घंटा वाजते, ती मग शनिवारी रात्री ईस्टरच्या मिस्सात ग्लोरियालाच परत वाजते. मधे लाकडाची मात्राक वाजवतात, खट खट खट असा कोरडा आवाज. शुक्रवारी संध्याकाळी येशूची मूर्ती क्रूसावरून उतरवून मिरवणूक निघते तेव्हा पुढे तीच असते. आमच्या गावात त्या वेळी रस्त्यावरचे हिंदू दुकानदार आपणहून दिवे बारीक करतात आणि मूर्ती पुढे जाईपर्यंत उभे राहतात, देव बरें करूं त्यांचं. तुम्ही शनिवारी रात्रीपण थांबलात तर घंटा सुरू होताना चर्चमध्ये काय होतं ते दिसेल, फक्त मिस्सा लांब असते, लहान मुलं बरोबर असतील तर आधी जेवून या.